डोंगर, पाणी, माती : बीड जिल्ह्याच्या अंगाने निसर्ग आणि वास्तुरचनेचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

वास्तुरचना निसर्गाकडून काय घेते, या चर्चेत तीन वेगळ्या गोष्टी बहुधा एकत्र मिसळल्या जातात. एक म्हणजे रूप. कमळ, पर्वत, गुहा, वेल यांचे आकार दगडात किंवा काँक्रीटमध्ये उतरवले जातात. दुसरी म्हणजे कार्यपद्धती. पाणी उताराने कसे वाहते, उष्णता जाड मातीत कशी अडकते, वारा कोठून शिरतो आणि कोठून निघतो, हे ओळखून त्यावर इमारत बेतली जाते. तिसरी म्हणजे सामग्री आणि जागा. जो दगड पायाखाली आहे, जी माती गावात आहे, जे लाकूड शिवारात मिळते, त्यांनीच बांधकामाचा आकार ठरतो. या तिन्हींना ‘निसर्गाची प्रेरणा’ हे एकच नाव दिल्यामुळे अनेक वाद विनाकारण वाढले आहेत.

युरोपात हा विषय एकोणिसाव्या शतकात ठळक झाला. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारे जोसेफ पॅक्स्टन मूळचे बागकाम जाणणारे. व्हिक्टोरिया जातीच्या महाकाय कमलपत्राखालील शिरांच्या जाळीचा त्यांच्या छताच्या कल्पनेशी संबंध जोडला जातो. बार्सिलोनात आंतोनी गौदी यांनी दोऱ्यांना वजने टांगली आणि तो झोळ उलटा कल्पून कमानींचे आकार काढले. म्हणजे नक्कल वस्तूची नव्हती, गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची होती. १९१७ साली डार्सी थॉम्प्सन यांनी सजीवांचे आकार भौतिक बलांतून कसे घडतात हे ग्रंथरूपाने मांडले. १९६४ मध्ये बर्नार्ड रुडोफ्स्की यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वास्तुविशारदांविना घडलेल्या वास्तूंचे प्रदर्शन भरवले आणि लोकवास्तू अभ्यासाच्या केंद्रस्थानी आली. १९९७ मध्ये जॅनिन बेन्यस यांच्या पुस्तकाने ‘बायोमिमिक्री’ म्हणजे जीवानुकरण ही संज्ञा सर्वदूर पोचवली.

ही चर्चा बहुधा महानगरांतील प्रसिद्ध इमारतींच्या आधाराने चालते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ती तपासली तर वेगळे चित्र दिसते. येथे कोरीव लेणी, पाण्यातले देऊळ, जमिनीखालचे बोगदे, माळवदाची घरे आणि ऊसतोडीच्या कोप्या आहेत. वरील तिन्ही प्रकार एकाच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्या मर्यादाही येथेच दिसतात.

जमीन, पाऊस आणि पांढरी

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागला आहे. उत्तरेला गोदावरीकडे उतरणारा सखल भाग आहे, तर दक्षिणेला पाटोदा, केज, अंबाजोगाईचे पठार. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते, बिंदुसरा बीड शहरातून वाहते, आणि सिंदफणा जिल्ह्याचे पाणी गोदावरीत नेते. सगळा भूभाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पडतो, तोही फार अनियमित. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो.

या तीन गोष्टी, काळा दगड, कमी पाऊस आणि कडक ऊन, येथील बांधकामाचे मूळ ठरवतात. चौथी गोष्ट मातीची. शेतातली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर उभारलेला पाया दरवर्षी हलतो. म्हणून मराठवाड्यातील जुनी गावे काळ्या रानात नसून उंचवट्यावरच्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या गावठाणात, वसलेली आढळतात. जागेची ही निवड कोणत्याही आकारापेक्षा जुनी आणि मोलाची आहे, पण वास्तुकलेच्या पुस्तकांत तिला क्वचितच जागा मिळते.

जागा निवडण्याची दुसरी तऱ्हा तीर्थस्थळांत दिसते. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि रामेश्वराचे देऊळ त्या दरीच्या तळाशी आहे. कपिलधारला धबधब्याजवळ मन्मथस्वामींची समाधी आहे. अंबाजोगाईजवळ मुकुंदराजांची समाधीही डोंगराच्या कुशीतच. या ठिकाणी बांधकाम मुद्दाम लहान आणि साधे राहिले. दरी आणि पाणी यांनीच अवकाश पूर्ण केला आहे आणि बांधणाऱ्यांनी तो त्यांच्याकडेच ठेवला.

पर्वत आणि गुहा : देवळांचे रूप

अंबाजोगाईचा हत्तीखाना, म्हणजेच शिवलेणी किंवा जोगाई मंडप, हा रूपाच्या प्रश्नासाठी चांगला आरंभ आहे. खडक वरून खाली खोदून अंगण मोकळे केले आहे. अंगणात नंदीमंडप आणि दगडी हत्ती आहेत, आत खांबांचे दालन. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच पद्धतीने वरून खाली कोरले गेले होते. येथे रचना करणे म्हणजे नको असलेला दगड काढून टाकणे. बेसाल्टचे थर कोठे एकसंध आहेत आणि कोठे सांधे आहेत, हे कारागिराला आधी वाचता यावे लागते. एकदा छिन्नी चुकली की दुरुस्ती नाही.

याच परंपरेत एक गुंतागुंत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सुरुवातीच्या चैत्यगृहांच्या छताला फासळ्या असतात. भाजे आणि कार्ले येथे खऱ्या लाकडी फासळ्या आजही दिसतात, तर अजिंठ्याच्या पुढच्या काळातील चैत्यगृहांत त्या दगडातच कोरल्या आहेत. लाकूड आणि गवत यांच्या बांधणीतून जन्मलेले गजपृष्ठाकार छत दगडात गेले आणि तेथे त्याचे बांधकामातले काम संपले. उरला तो आकार. निसर्गाचा प्रभाव मधल्या सुताराच्या हातून आला असेल, तर त्याला थेट निसर्गप्रेरणा म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर येथील त्रिविक्रम मंदिर हा वळणदार आकार विटांमध्ये जपते, आणि तेर पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या विटांसाठीही ओळखले जाते. गोदाकाठी माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरीचे मंदिरही विटांचेच. रामचंद्र यादवाच्या १३१० सालच्या ताम्रपटामुळे हे गाव इतिहासात नोंदले गेले. नदीकाठी गाळमाती मुबलक असल्यामुळे वीट, आणि पठारावर काळा दगड, असा भेद जिल्ह्याच्या आतच दिसतो.

बांधीव देवळांकडे वळले की वाद अधिक स्पष्ट होतो. बीडचे कंकाळेश्वर मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे. त्याला तीन गर्भगृहे आहेत आणि भिंतींवर मूर्तींची रांग आहे. त्यांत शस्त्रधारी स्त्रियाही आढळतात. मंदिर उत्तर चालुक्य काळातले की यादवांचे, याबद्दल एकमत नाही. परळी तालुक्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर मात्र शिल्पांच्या शैलीवरून उत्तर चालुक्यांचे मानले जाते. या देवळांत निसर्ग सर्वत्र आहे. पायाशी कमळाच्या पाकळ्या, छताच्या मध्यभागी उलटे कमळ, दाराच्या चौकटीवर वेल, आणि यादव घराण्याच्या शिखरांवर आवळ्यासारखा कंगोरेदार आमलक. भिंत सपाट नसून कोनाकोनांनी पुढे येते, त्यामुळे दिवसभरात सावली सतत सरकत राहते.

या रूपाचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला आहे. स्टेला क्रॅमरिश यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात मंदिर म्हणजे पर्वत आणि गर्भगृह म्हणजे त्या पर्वतातली गुहा ही मांडणी प्रतिष्ठित केली. शिखराला मेरू, कैलास ही नावे देणारे शिल्पग्रंथ या मांडणीला आधार देतात. दुसरी बाजू अ‍ॅडम हार्डी यांच्यासारख्या अभ्यासकांची. त्यांच्या मते शिखर हे मुख्यतः लहान देवळांच्या प्रतिमांचे बनलेले असते. त्या प्रतिमा एकमेकींतून बाहेर पडत, वाढत जाताना दाखवल्या जातात. म्हणजे नक्कल डोंगराच्या रूपरेषेची नाही. उगवण्याची, फुटण्याची क्रिया तेथे भूमितीत मांडली आहे. पहिल्या मांडणीने भक्ताचा अनुभव समजतो, दुसरीने स्थपतीचे काम. मराठवाड्यातील देवळांच्या तपशिलाला दुसरी अधिक जवळची आहे, कारण कोनांची फिरती मांडणी केवळ ‘पर्वत’ म्हटल्याने उलगडत नाही. तरीही कुंडातल्या पाण्यात उभे राहिलेले कंकाळेश्वर पाहिले की समुद्रातल्या मेरूची कल्पना कोणीतरी मनात धरली असावी, हे नाकारणे अवघड जाते.

कुंडाचा एक व्यावहारिक गुणही लक्षात घ्यायला हवा. काळा दगड दुपारी तापतो. भोवतीच्या पाण्याच्या बाष्पीभवनाने लगतची हवा निवते. प्रतीक आणि सोय येथे एकाच जागी आली आहेत. त्यांपैकी आधी काय आले हे इमारत सांगत नाही.

पाण्याची वाट : खजाना विहीर

बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर, सोलापूर–धुळे महामार्गाजवळ खजाना विहीर आहे. हिजरी ९९१, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. रचनाकार म्हणून राजा भास्कर हे नाव सांगितले जाते. विहिरीला तीन भूमिगत बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून पाणी विहिरीत येते, तिसऱ्यातून ते उत्तरेला बीडच्या दिशेने वाहते. या पाण्यावर शेकडो एकर जमीन भिजत असे. मोट नाही, पंप नाही. पाणी केवळ जमिनीच्या उताराने चालते.

दुष्काळातही या विहिरीची पातळी बदलत नाही असे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. बेसाल्टमध्ये पाणी सलग साठत नाही. वरच्या मुरुमात आणि खडकाच्या सांध्यांत ते झिरपते आणि खालच्या घट्ट थरावर अडते. आडवा बोगदा हळुवार उताराने अशा थरातून नेला की तो लांबच लांब गोळा करणारी नाली बनतो. उभी विहीर एका जागचे पाणी घेते, बोगदा संपूर्ण टप्प्याचे. पाणी बाहेर नेणाऱ्या बोगद्याची उंची ठरलेली असल्यामुळे पातळी त्या उंचीच्या वर जाऊ शकत नाही. आवक घटली तर आधी बाहेर जाणारा प्रवाह बारीक होतो, विहिरीतले पाणी लगेच खाली जात नाही. पातळीचे स्थैर्य असे रचनेतच आहे. ती आखणाऱ्याला जमिनीखालच्या पाण्याची चाल नेमकी ठाऊक होती.

या ज्ञानाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एक मत इराणी कनातीकडे, म्हणजे पाणी आणणाऱ्या भूमिगत बोगद्यांकडे, बोट दाखवते. बहमनी राजधानी बीदर येथे अशाच करेझ होत्या, अहमदनगरला भूमिगत नळ होते, आणि पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, नहर-ए-अंबरी ही पाणीयोजना केली. खजाना विहीर या साखळीतली एक कडी ठरते. दुसरे मत स्थानिक परंपरेला महत्त्व देते. मराठवाड्यात बारवांची आणि कुंडांची परंपरा यादवकाळापासूनची, कदाचित त्याहून जुनी आहे, आणि रचनाकाराचे नाव भास्कर आहे. तंत्र आले असले तरी ते आले तसे वापरता येणार नव्हते. इराणात कनात डोंगरपायथ्याच्या गाळात खणतात, बीदरला जांभ्या दगडात, बीडला बेसाल्टच्या मुरुमात. प्रत्येक खडक पाणी वेगळ्या तऱ्हेने सोडतो. कल्पना प्रवास करते, पण उतार आणि थर त्याच गावात मोजावे लागतात. दोन्ही मतांतले तथ्य असे एकत्र बसू शकते.

बारवेचा विचार येथे जोडून येतो. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, ही पाण्याच्या बदलत्या पातळीशी जुळवून घेणारी वास्तू आहे. श्रावणात पाणी वरच्या पायऱ्यांना लागते, वैशाखात माणूस तळापर्यंत उतरतो. परभणी जिल्ह्यातील वालूरच्या बारवेत पायऱ्या सर्पिल वळत खाली जातात. इमारतीचा उपयोगी भाग ऋतूनुसार सरकतो, असे दुसरे उदाहरण शोधणे कठीण.

या जलज्ञानाची दुसरी बाजू पुराची. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला अचानक पूर आला आणि बीड शहराच्या नदीकाठच्या वस्तीत मोठी हानी झाली. कोरड्या नदीच्या पात्राला वस्ती चिकटली की पावसाळ्यातले पाणी आपली जागा परत मागते. निसर्गाशी जुळवून घेणे हे एका इमारतीपुरते असून भागत नाही, नगररचनेत ते सुटले तर चांगली इमारतही वाहून जाते.

माळवद, ढेळज, वाडा

बीडच्या खेड्यांत सामान्य घराचे जुने रूप म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. घर खणांनी मोजत. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचणे, मग पाला किंवा तुराट्या, चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. पांढरी माती पाणी सहजी आत जाऊ देत नाही. पाऊस कमी असल्यामुळे असे सपाट छप्पर येथे चालते. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे उतरते कौलारू छप्परच लागते. धूर आणि उजेड यांसाठी छतात साणे ठेवत, पाणी पन्हाळीतून बाहेर काढत. सुखवस्तू वाड्याला दारात ढेळज, आत चौक, चौकाभोवती ओसरी. धान्य भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात ठेवत.

या घराचे उष्णतेशी असलेले नाते साधे आहे. दोन-तीन फुटांची भिंत आणि फूटभर मातीचे छत दिवसभराची उष्णता पोटात धरतात. बाहेर दुपार तापलेली असताना आत गारवा राहतो. उष्णता भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तेव्हा घरातली माणसे माळवदावर झोपायला जातात. चौकातून गरम हवा वर निघते. दिवसा खाली, रात्री वर, अशी राहणी आणि रचना एकमेकींना पूरक होती. त्याउलट चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब काही तासांतच तापतो आणि संध्याकाळी खोलीत उष्णता सोडू लागतो. पत्र्याचे छत त्याहून वाईट, कारण त्याला उष्णता धरून ठेवण्याची क्षमता जवळजवळ नसते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या घरात दुपारी थांबणे म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि बाळंतिणी यांना किती जड जाते, हे मराठवाड्यातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे.

तरीही माळवद गेले, आणि त्यामागे केवळ फॅशन नव्हती. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकावी लागते. त्यासाठी मनुष्यबळ हवे, आणि ते रोजगारासाठी बाहेर पडू लागले. जाड लाकूड दुर्मीळ आणि महाग झाले. उंदीर, घुशी, गळती, विंचू यांचा त्रास होता. लोकवास्तूचा गौरव करणारे लेखन हा भाग अनेकदा वगळते, आणि तो वगळला की रहिवाशांचा निर्णय अकारण अडाणी ठरतो.

किल्लारीनंतरचा वाद

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर–उस्मानाबाद (आजचे धाराशिव) भागात ६ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच दगावली. किल्लारी, सास्तूर या परिसरातील घरे बीडच्या दक्षिण भागातील घरांसारखीच होती. ओबडधोबड दगड मातीत रचलेल्या भिंती आणि वर वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेले माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नसल्याने ते सुटे होऊन कोसळले आणि छताचे वजन खाली आले. उन्हाळ्यात तारणारी जाडीच त्या पहाटे जीवघेणी ठरली.

या घटनेनंतर मराठवाड्यातील वास्तुविचारात जी फूट पडली ती अजून पूर्ण सांधलेली नाही. एका बाजूचे म्हणणे स्पष्ट आहे. जीव आधी, गारवा नंतर, म्हणून दगडमाती सोडावी आणि काँक्रीट, वीट स्वीकारावी. आप्त गमावलेल्या कुटुंबांना दगडी भिंतीखाली झोपायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही या बाजूची नैतिक ताकद आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की दोष मातीत किंवा दगडात नव्हता, बांधणीच्या पद्धतीत होता. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड, ठरावीक उंचीवर लाकडाचे किंवा काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांची बांधणी आणि हलके छत एवढे केले असते तर हानी बरीच कमी झाली असती. काही ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती पडल्या, हे निरीक्षण या मताला बळ देते. भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच मातीच्या बांधकामासाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगडी वा विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ ही मार्गदर्शके काढली. म्हणजे शासकीय अभियांत्रिकीनेही स्थानिक सामग्री सरसकट बाद केली नाही.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथील रुंद, सरळ रस्ते आणि सुटी घरे यांनी सुरक्षितता दिली. नंतरच्या अभ्यासांत मात्र अनेक तक्रारी नोंदल्या गेल्या : घरे तापतात, जनावरांना आणि अवजारांना जागा नाही, शेजार तुटला. रहिवाशांनी पुढे पडव्या, आवार, झाडे यांची भर घालून ती घरे पुन्हा आपल्या सवयीची केली. हवामान आणि सुरक्षितता यांचा मेळ तेथे नियोजनात बसला नाही. तो लोकांनी नंतर आपल्या खर्चाने बसवला.

कोपी : सामग्रीची सक्ती

निसर्गसामग्रीची चर्चा बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या कोपीशिवाय पुरी होत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखांच्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. गाळप हंगाम संपेपर्यंत त्यांचा मुक्काम कोपीत. बांबू किंवा फोके वाकवून सांगाडा, त्यावर चटई, पाचट आणि हल्ली प्लॅस्टिकचा कागद. काही तासांत उभी राहते, हंगामाच्या शेवटी मोडते आणि मातीला मिळते. वास्तुविद्येच्या निकषांवर ती जवळजवळ आदर्श आहे : हलकी, स्थानिक, पूर्णपणे नष्ट होणारी.

पण तिच्यात वाकून शिरावे लागते. जवळ संडास नसतो, पाणी दूर असते, पाचट पेट घेते, थंडी आणि अवकाळी पाऊस थेट अंगावर येतो. स्त्रियांना आणि लहान मुलांना याची सर्वाधिक झळ बसते. पर्यावरणाच्या तराजूत निर्दोष ठरणारी वास्तू माणसाच्या तराजूत अपुरी पडू शकते, हे कोपी दाखवते. निसर्गाधारित बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत सामग्री निवडणारा माणूस स्वतंत्र आहे असे गृहीत धरलेले असते. येथे पाचट निवडीने आलेले नाही.

आधुनिक प्रवाह

महाराष्ट्रातील व्यावसायिक वास्तुविशारदांत निसर्गाची बाजू सातत्याने मांडणारे दोन आवाज महत्त्वाचे आहेत. चार्ल्स कोरिया यांनी हवामान हेच रूपाचे मूळ मानले. मुंबईतील कांचनजंगा या १९८३ च्या उंच इमारतीत त्यांनी जुन्या बंगल्याची व्हरांडा ही कल्पना दुमजली उंचीच्या बागांच्या रूपात घेतली. मुंबईत वारा आणि उत्तम दृश्य पश्चिमेकडून येते, तसेच दुपारचे ऊन आणि पाऊसही, ही अडचण त्यांनी त्यातून सोडवली. कोल्हापूरचे शिरीष बेरी यांचा भर वेगळा आहे. निसर्गाच्या सान्निध्यात मनाची जी अवस्था होते ती अवकाशात आणणे, हा त्यांच्या कामाचा आणि लेखनाचा गाभा राहिला. हैदराबादची संकटग्रस्त प्रजातींच्या संवर्धनाची प्रयोगशाळा ही त्यांची परिचित रचना आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये मांडलेला निष्कर्षही याच दिशेचा होता : खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले.

जीवानुकरणाच्या प्रवाहात सर्वाधिक उद्‌धृत होणारी इमारत झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील ईस्टगेट सेंटर. मिक पिअर्स यांनी १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या या संकुलाची हवा खेळती ठेवण्याची पद्धत वारुळावरून घेतली. नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय ते चालते. मात्र स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये दाखवले की ज्या समजावर ही रचना बेतली होती, तसे वारूळ प्रत्यक्षात काम करत नाही. वारुळातील हवेची देवाणघेवाण वाऱ्याच्या चढउतारांवर चालणारी आणि फुप्फुसासारखी गुंतागुंतीची आहे. इमारत मात्र यशस्वी आहे. प्रेरणा चुकीच्या आकलनातून आली तरी रचना बरोबर ठरू शकते का, हा प्रश्न त्यातून निघाला. ती यशस्वी ठरण्याची कारणे जड काँक्रीट, रात्रीच्या थंड हवेने इमारत निववणे आणि हरारेचे सौम्य हवामान ही आहेत. जडपणात दिवसाची उष्णता धरायची आणि रात्री सोडायची, हे तत्त्व माळवदाच्या घरात वारुळाचे नाव न घेता वापरले जात होते.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा नियमांचा. निवासी इमारतींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर तिने मर्यादा घातली. पण २०१८ मध्ये तिची व्याप्ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींपुरती होती. बीडच्या खेड्यातील घर तिच्या बाहेर राहते. ज्याला उष्णतेपासून संरक्षण सर्वाधिक हवे, त्यालाच ते कायद्याने मिळत नाही.

दुसरा मुद्दा अनुदानाचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले आणि किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर अपेक्षित धरले गेले. या रकमेत घर पुरे करायचे तर वीट आणि पत्रा किंवा पातळ स्लॅब हाच सोपा मार्ग उरतो. ग्रामविकास मंत्रालयाने प्रादेशिक सामग्री आणि हवामान लक्षात घेणाऱ्या घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ हा संग्रह काढला. त्याच्या नावातच प्रकृती, हुनर आणि लोकविद्या हे तीन शब्द आहेत. दिशा योग्य आहे, पण गवंडी आणि ग्रामसेवक यांच्या रोजच्या व्यवहारात स्लॅबचे घर म्हणजेच पक्के घर ही समजूत कायम आहे.

तिसरा मुद्दा तांत्रिक, आणि कदाचित सर्वांत सुटण्यासारखा. जाड आणि जड छत गारवा देते, हलके छत भूकंपात वाचवते. दोन्ही एकत्र कसे आणायचे? सुचवले जाणारे उपाय अनेक आहेत : स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, त्यावर मडकी किंवा फुटक्या कौलांचे आच्छादन, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून छत, भिंतीला पट्टे देऊन दगडाचा मर्यादित वापर, दक्षिण-पश्चिमेला कडुनिंबाची सावली. यांतील बहुतेक स्वस्त आहेत आणि गावातल्या हातांना जमणारे आहेत. कोणता उपाय किती वर्षे टिकतो आणि पावसाळ्यात कोण त्याची निगा राखतो, यावर निवड ठरायला हवी.

चौथा मुद्दा वारशाचा. कंकाळेश्वर, शिवलेणी, धर्मापुरी यांकडे शिल्पांचे कोठार म्हणून पाहिले जाते, खजाना विहिरीकडे सहलीचे ठिकाण म्हणून. बोगद्यांच्या वरच्या जमिनीवर विंधन विहिरी वाढल्या, तर त्या बोगद्यात झिरपणारेच पाणी ओढतील. विहिरीचा चिरा जपून तिचे पाणलोट सोडून दिले तर वास्तू राहील आणि ज्या कार्यासाठी ती बांधली ते कार्य थांबेल. संरक्षणाची रेषा विहिरीच्या काठावर आखायची की बोगद्यांच्या आरंभापर्यंत न्यायची, हा निर्णय पुरातत्त्व खाते, भूजल यंत्रणा आणि वरच्या अंगाचे शेतकरी यांनी मिळून घ्यावा लागणार आहे.